नाव पटावर आहे, पोरगं घरी आहे

जूनचा मधला आठवडा, शाळेचा पहिला दिवस. आपल्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत प्रवेशोत्सव होता म्हणून बातमी-फोटोसाठी गेलो होतो. सजवलेला ट्रॅक्टर, पहिलीच्या पोरांच्या डोक्यावर कागदी टोप्या, हातात गुलाबाचं फूल, पुढे लेझीम. सरपंच, केंद्रप्रमुख, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, सगळे हजर. फोटो झकास आले.

गेटपाशी एक बाई नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा हात घट्ट धरून उभी होती. पोरगं लेझमाच्या तालावर मान हलवत होतं, हसत होतं. त्याला ट्रॅक्टरवर कुणी बसवलं नाही. फूलही दिलं नाही. मुख्याध्यापक तिच्याजवळ गेले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "ताई, काळजी करू नका. नाव आहे त्याचं पटावर. रोज आणायची गरज नाही."

मी मागे वळलो. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही पेपरवाले ना? सर म्हणत्यात रोज आणू नका. मग मी ह्याला कुठं ठेवू, सांगा तुम्ही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी मी ट्रॅक्टरचीच बातमी दिली. पण ते "रोज आणायची गरज नाही" डोक्यातून जाईना. म्हणून आज हे लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा.

पोराला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. बोलणं थोडं कमी, समजायला वेळ लागतो, शौचाला जायचं असेल तर सांगतो पण सोबत कुणीतरी लागतं. अंगणवाडीत रमला होता, कारण तिथल्या ताईंनी त्याला रमवलं. पुढे आईबापाने पोटाला चिमटा काढून इंग्रजी शाळेत विचारलं. "आमच्याकडे तसा स्टाफ नाही." जिल्ह्याच्या ठिकाणी विशेष शाळा आहे, तिथे गेले. "जागा भरल्या, यादीत नाव लिहून जा." तीन वर्षं झाली, यादी हललेली नाही. शेवटी गावातली जिल्हा परिषद शाळा. तिथे प्रवेश मिळाला. नाव लागलं, पुस्तकं मिळाली, गणवेश मिळाला. सगळं मिळालं, फक्त शाळा मिळाली नाही.

आता कुणी म्हणेल, हा एका शाळेचा प्रश्न. नाही मंडळी. गेले पंधरा दिवस मी तालुक्यात फिरतोय, पालकांशी बोलतोय, शिक्षकांशी बोलतोय. शब्द बदलतात, वाक्य तेच असतं. "परीक्षेपुरतं आणा." "बाई रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात बघू." "इतर पालक तक्रार करतात हो." कुणी हाकलून देत नाही. सगळे प्रेमाने घरी पाठवतात.

आणि सरकारी कागदावर ही सगळी मुलं शाळेत आहेत! शाळाबाह्य मुलांच्या यादीत त्यांचं नाव येणारच नाही, कारण नाव पटावर आहे. म्हणजे ज्याला शाळा नाकारली, त्याचीच गिनती शिकणाऱ्यांत. यापेक्षा सोपी युक्ती कुठल्या सरकारला सापडली असेल?

कायदा काय म्हणतो ते एकदा नीट बघू, कारण आपल्याकडे पालकांना हे कुणी सांगतच नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 सालचा. 1995 च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात 21 आले. स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली. या कायद्याच्या कलम 16 नुसार सरकारी असो, अनुदानित असो की नुसती मान्यता असलेली खासगी शाळा असो, दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा. एवढ्यावर थांबलेलं नाही. इमारत, स्वच्छतागृह त्याला वापरता येईल असं हवं, त्याला लागेल ती मदत द्यायची, तो खरोखर शिकतोय का ते बघत राहायचं, आणि ने-आण करायची सोयसुद्धा. ज्याला जास्त आधार लागतो त्याच्या मदतनीसाच्या ने-आणीचीही. कलम 31 सांगतं की 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तेही जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. पसंती कुणाची? मुलाची. मुख्याध्यापकाची नाही, संस्थाचालकाची नाही.

मग "घरी बसून शिकू द्या" हे कुठून आलं? शिक्षण हक्क कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. तीव्र किंवा एकापेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला हवं असेल तर घरी शिकण्याचा पर्याय दिला गेला. जे मूल अंथरुणावरून उठू शकत नाही, त्याच्यासाठी ही चांगली गोष्ट. पण तो हक्क मुलाचा होता. तालुक्या-तालुक्यात तो शाळेचा हक्क होऊन बसलाय. जे पोरगं चालतं, हसतं, लेझमावर मान हलवतं, त्यालाही "घरी शिकव". घरी कोण शिकवणार? आई? ती खुरपायला गेल्यावर कोण? महिन्यातून एकदा येणारे विशेष शिक्षक?

इथेच खरी गोम आहे. शाळेतली जागा म्हणजे काय, हे आपण एकदा ठरवून टाकू. हजेरीपटावरची ओळ म्हणजे जागा नव्हे. जागा म्हणजे त्या मुलाला शिकवता येईल असा माणूस, रोज. जागा म्हणजे शाळेपर्यंत पोचायचं साधन. जागा म्हणजे संडासला नेणारं कुणीतरी आणि आत जाता येईल असा संडास. यातलं एक जरी नसलं तर बाकीचं असून नसल्यासारखं.

आता माणसांचा हिशेब मांडू. ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं, विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवा. सप्टेंबर 2022 मध्ये ते ठरलं: पहिली ते पाचवीत दर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, सहावी ते आठवीत दर पंधरांमागे एक. त्यानंतरही राज्यं ढिम्म. मार्च 2025 मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की पदं किती लागतात ते जाहीर करा आणि नियमित भरती करा. देशातल्या सर्वात मोठ्या न्यायालयाला "मास्तर नेमा" हे दोनदा सांगावं लागतं, यात सगळं आलं.

आपल्या राज्याने काय केलं? 2024 च्या ऑक्टोबरमध्ये विशेष शिक्षकांची 4,860 पदं मंजूर केली. आकडा ऐकायला दणदणीत. पण ही पदं आली कुठून? राज्यात 4,860 केंद्रं आहेत म्हणून 4,860 पदं. प्रत्येक केंद्राला एक. म्हणजे मुलं मोजून पदं काढली नाहीत, केंद्रं मोजून काढली. केंद्रात तीन दिव्यांग मुलं असोत की तीस, शिक्षक एकच. आणि वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणारे विशेष शिक्षकच या पदांवर सामावून घ्यायचे आहेत. त्यांना घ्यायलाच हवं, त्यांनी तुटपुंज्या मानधनावर आयुष्य काढलंय, त्याबद्दल दुमत नाही. पण म्हणून शाळेला रोजचा माणूस मिळाला असं समजू नका.

आमच्या केंद्राचं उदाहरण घ्या. अकरा शाळा, एक विशेष शिक्षक. वर्षाला शाळेचे दिवस धरा 200. बाकी एकही काम न करता ते नुसते शाळा-शाळा फिरले तरी एका शाळेच्या वाट्याला अठरा दिवस. उरलेले 182 दिवस त्या मुलाने काय करायचं? आणि अठरा दिवस हे स्वप्नातले. बैठका, ऑनलाइन माहिती भरणं, शिबिरं, सर्वेक्षण, यातून काय उरतं ते कुठल्याही विशेष शिक्षकाला चहाच्या टपरीवर विचारा.

आणखी एक. विशेष शिक्षक म्हणजे सगळ्या रोगांवर एकच गोळी नव्हे. त्यांचं प्रशिक्षण प्रकारानुसार असतं. कर्णबधिर मुलांसाठीचं वेगळं, अंध मुलांसाठीचं वेगळं, बौद्धिक दिव्यांगांसाठीचं वेगळं. ब्रेल शिकलेल्या शिक्षकापुढे कर्णबधिर मूल बसवायचं आणि "सोय केली" म्हणायचं, ही दोघांचीही थट्टा आहे.

"मग विशेष शाळा काढा की!" असं लगेच म्हणणारे आहेत. "नको, सगळ्यांना एकत्रच शिकवा," म्हणणारेही आहेत. यावर विद्वानांचे परिसंवाद होतात, होऊ द्या. माझं म्हणणं साधं आहे. काही मुलांचं गावच्या शाळेत उत्तम चालेल, थोडा हात दिला की झालं. काही मुलांना, विशेषतः कर्णबधिर मुलांना, आपल्यासारखी चार मुलं आणि खुणांची भाषा येणारे शिक्षक लागतात. कायद्याने दोन्हीतून निवडायचा हक्क दिलाय. पण निवड करायला दोन्ही दारं उघडी लागतात. आपल्याकडे एका दारावर "जागा भरल्या" आणि दुसऱ्यावर "रोज आणायची गरज नाही".

यात दोन खात्यांची मज्जा वेगळीच. साधी शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे. डिसेंबर 2022 मध्ये आपल्या राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला, देशात पहिला म्हणून पाठ थोपटून घेतली. चांगलंच झालं. पण गावातल्या त्या पोराची फाइल कुणाच्या टेबलावर? पंचायत समितीत गेलात तर म्हणतात विशेष शाळेचं आमच्याकडे नाही. जिल्ह्याला गेलात तर म्हणतात गावच्या शाळेचं आमच्याकडे नाही. पोरगं मध्ये लोंबकळतंय.

विशेष शाळा बहुतेक स्वयंसेवी संस्थांच्या. काहींनी जीव ओतून त्या चालवल्यात, अनुदान वेळेवर नसताना पदरमोड करून. काहींनी दुकानं केली, तेही आपल्याला माहीत आहे. पण मूळ मुद्दा हा की सरकारने आपलं काम संस्थांच्या भल्या-बुऱ्या मर्जीवर सोडून दिलं. जिथे संस्था उभी राहिली तिथे शाळा, नाही राहिली तिथे नशीब.

आता अशा मुलांबद्दल, जी कुणाला दिसतच नाहीत. चालतात, बोलतात, क्रिकेट खेळतात, पण चौथीत आली तरी ओळ वाचता येत नाही. आपण त्यांना "ढ" म्हणून मोकळे. 2007 साली 'तारे जमीन पर' बघून थिएटरात रडलेले आपणच. घरी येऊन पोराला "लक्ष नाही अभ्यासात" म्हणून दोन ठेवून देणारेही आपणच. अध्ययन अक्षमता आज कायद्यात आहे. तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी शाळेतच प्राथमिक पडताळणी करायची, असं केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. शाळेची पडताळणी समिती हवी, मुख्याध्यापक तिचे प्रमुख. तुमच्या मुलाच्या शाळेत अशी समिती आहे का? उद्या जाऊन विचारा. चेहरा बघण्यासारखा होईल.

पैशाचं बोलू. समग्र शिक्षा योजनेत शिक्षकांचा पगार वेगळा धरून एका दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला साडेतीन हजार रुपये धरलेले असतात. साहित्य, उपकरणं, भत्ते, सगळं त्यात. दिवसाचे दहा रुपयेही पडत नाहीत. बसस्टँडवर एवढ्यात एक कटिंग चहा येतो. त्या कटिंगमध्ये पोराला घरून आणायचं, मदतनीस ठेवायचा, पुस्तकं मोठ्या अक्षरात छापायची. शाब्बास!

पण सगळं दिल्ली-मुंबईवर ढकलून आपल्याला सुटता येणार नाही. ग्रामपंचायत, नगरपरिषद, जिल्हा परिषद, प्रत्येकाने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. हा पैसा आपला, इथलाच. तो कुठे जातो? मार्च अखेर आली की घाईघाईने वाटप. मंडप, हार, नेत्यांच्या हस्ते साहित्य, मागे भला मोठा फ्लेक्स. त्या फ्लेक्सच्या खर्चात दोन मुलांची महिन्याची रिक्षा झाली असती.

आणि इथे मला स्वतःचं कबूल करायचंय. वीस-बावीस वर्षं पत्रकारिता करतोय. असल्या वाटपाचे किती फोटो छापले, गणती नाही. पहिल्या ओळीत पुढारी, खुर्चीत एक लेकरू, भांबावलेलं. एकदाही मी त्या लेकराला विचारलं नाही, "तू कोणत्या शाळेत जातोस रे?" बातमीत साहित्याची यादी होती, पाहुण्यांची नावं होती. मुलाचं नाव "लाभार्थी". तेव्हा या पोस्टमध्ये ज्यांना शिव्या पडल्यात त्यांच्या रांगेत मीही उभा आहे.

आता विरोधातलं. "एका मुलापायी वर्गातल्या तीस जणांचं नुकसान कशाला?" हे मला सुशिक्षित पालकांनी तोंडावर सांगितलं. त्यांना मी एवढंच विचारतो: तुमच्या मुलाचं नुकसान त्या पोराने केलं, की शिक्षक न देणाऱ्याने? वर्गाला दुसरा हात मिळाला तर तुमच्याही मुलाचा फायदा आहे. त्या पोराला बाहेर काढून तुमच्या वर्गाला काही जादा मिळणार नाही. फक्त तुमचं मूल एक गोष्ट शिकेल, की जो अडतो त्याला बाहेर काढायचं. उद्या तुम्ही म्हातारे व्हाल तेव्हा तो धडा त्याला आठवेल.

दुसरं शिक्षकांचं. "आम्ही काय काय करायचं?" बरोबर आहे. दोन शिक्षकी शाळा, चार-पाच वर्ग, त्यात मतदार यादी, सर्वेक्षणं, रोजची ऑनलाइन माहिती, खिचडीचा हिशेब. अशात ज्याला वेगळं प्रशिक्षणच दिलं नाही त्याने ते मूल कसं सांभाळायचं? त्या मुख्याध्यापकांशीही मी नंतर बोललो. वाईट माणूस नाही. म्हणाले, "त्याला काही झालं तर जबाबदार मीच ना? पळत रस्त्यावर गेला तर? मी शिकवू का त्याच्या मागे धावू?" याला माझ्याकडे प्रत्युत्तर नाही. पण सर, मग तसं वर लिहून कळवा. "मदतनीसाअभावी या मुलाला रोज बसवता येत नाही," असं एक पत्र काढा. तुमची अडचण तुम्ही त्या आईच्या पदरात टाकलीत, म्हणून ती वर कुणाला दिसत नाही.

तिसरं, "अशी मुलं असतात तरी किती?" किती ते मोजलंय कुणी? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्याही आठच गटांत. कायद्यात 21 प्रकार आले ते त्यानंतर. नव्या कायद्याने दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण करायला सांगितलं, पहिलं तर दोन वर्षांच्या आतच. तुमच्या गल्लीत त्यासाठी कुणी आलं होतं का?

आपण भाषणात शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय माइक सोडत नाही. 1917 साली महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला दंड. शंभर वर्षं उलटून गेली. आज एक आई स्वतः पोराला घेऊन शाळेच्या दारात येते, तर दंड तिलाच. रोजगार बुडतो तो दंड, रिक्षाभाडं तो दंड, चार लोकांत मान खाली घालावी लागते तो दंड. महाराजांच्या फोटोला हार घालताना हे आठवू द्या.

नुसती ओरड नको म्हणून मागण्या लिहितो. सगळ्या आपल्या तालुक्यात होण्यासारख्या आहेत.

1. तालुक्यातल्या प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याची पटावरची नव्हे, प्रत्यक्ष हजेरी दर महिन्याला काढा. नावं नकोत, आकडे जाहीर करा.

2. विशेष शिक्षक कोणत्या शाळेत कोणत्या वारी येणार, हे वेळापत्रक शाळेच्या भिंतीवर लावा. केंद्रामागे एक नव्हे, मुलांच्या संख्येप्रमाणे पदं मागणारा ठराव पंचायत समितीने वर पाठवावा.

3. पाच टक्के निधीतून आधी ने-आण आणि मदतनीस, मग उरलं तर वाटप. फ्लेक्स शून्य.

4. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाच्या पाच-पाच चकरा माराव्या लागतात. वर्षातून दोनदा तरी तालुक्याला शिबिर घ्या.

5. "जागा नाही", "रोज आणू नका" हे ज्याला म्हणायचं त्याने सही-शिक्क्यानिशी लेखी द्यावं.

पालकांनो, पाचवा मुद्दा तुमच्या हातात आहे. कुणी नकार दिला तर भांडू नका, शांतपणे म्हणा, "लिहून द्या." निम्मे तिथेच नरम येतात. नाही आले तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, पोच घ्या. तिथे नाही झालं तर पुण्याला दिव्यांग आयुक्त आहेत, त्यांना कायद्याने तक्रार ऐकून चौकशी करायचे अधिकार आहेत. अर्ज लिहिता येत नसेल तर माझ्याकडे या. पैसे लागत नाहीत, चहा मी पाजतो.

शेवटी त्या पोराचं. गेल्या सोमवारी त्या शाळेवरून जाताना थांबलो. पोरगं वर्गात होतं, मागच्या भिंतीशी बसून रंगीत खडूने काहीतरी रेघोट्या मारत होतं. बरं वाटलं. बाहेर व्हरांड्यात त्याची आई बसलेली, पदराने वारा घेत. मुख्याध्यापकांनी तोडगा काढलाय: आई दिवसभर थांबत असेल तर मुलाला बसू देतो. खुरपणीचे दिवस आहेत, बायकांना काम मिळतंय, आणि ही बाई शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात.

"किती दिवस जमेल?" मी विचारलं.

"जमंल तितकं," ती म्हणाली. "त्यो खूश हाय बघा."

म्हणजे त्या पोराला शाळेत जागा मिळाली. फक्त तिचा खर्च शासन करत नाही, जिल्हा परिषद करत नाही, ग्रामपंचायत करत नाही. एका मजूर बाईच्या बुडालेल्या रोजावर ती चालू आहे. घरात चूल पेटायची पंचाईत झाली की त्या दिवशी ती जागा बंद.

येत्या ग्रामसभेला हा विषय घ्यायला लावणार आहे. जे येणार असतील त्यांनी सांगा. आणि तुमच्या गल्लीत, वाडीवर असं "पटावर असलेलं" मूल घरी बसून असेल, तर मुलाचं नाव इथे जाहीर लिहू नका, फक्त गाव कळवा. मोजायला सुरुवात आपणच करू.